गार्डावरचे ओरखडे

जुनी टुरिंग मोटरसायकल विकायला निघते तेव्हा जाहिरातीत गाडीबद्दल दोन ओळी असतात आणि गाडीवर चढवलेल्या सामानाबद्दल दहा. रॉयल एनफिल्डची हिमालयन याचं ठळक उदाहरण. मार्च २०१६ मध्ये ती ४११ सीसीचं इंजिन घेऊन आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणारी नवी हिमालयन आली आणि ४११ ची जागा शोरूममधून जुन्या बाजारात गेली. तिथे ती मुबलक मिळते, पण कंपनीतून निघाली तशी क्वचितच. पुढे क्रॅश गार्ड, खाली बॅश प्लेट, मागे बॅगा अडकवायचा सॅडल स्टे आणि टॉप बॉक्स, हँडलखाली रायझर, गार्डावर दोन फॉग लाइट, आणि आवाज करणारा सायलेन्सर. या सगळ्याचे पैसे द्यायचे का आणि द्यायचे तर किती, हा वरवर घासाघिशीचा प्रश्न आहे. पण त्याच्या तळाशी वस्तूची किंमत ठरवायच्या दोन वेगळ्या रीती आहेत. त्या दोन तोंडी घातल्या आहेत. पुण्यात नोकरी करणारी, २०१९ ची एक हिमालयन पाहून आलेली भाची, आणि विमा सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेला तिचा मामा. माणसं कल्पित आहेत, वाद मात्र प्रत्येक जुन्या गाडीपाशी होणारा आहे.

भाची म्हणते, “मामा, हिशेब सरळ आहे. तो १ लाख ५० हजार सांगतोय. याच सालातली, काही न लावलेली गाडी १ लाख ३५ हजारांना मिळते. म्हणजे १५ हजारांत मला गार्ड, स्टे, बॉक्स, लाइट, रायझर, विंडशील्ड असं सगळं मिळतंय. हेच नवं घ्यायला गेले तर ४५ हजार कुठेच गेले नाहीत, बिलं आहेत त्याच्याकडे. शिवाय कुठला स्टे गाडीला बसतो, कुठला सायलेन्सरला घासतो, हे शोधायची डोकेदुखी त्यानेच संपवलीय. मी फक्त बॅग अडकवायची आणि निघायचं.”

“बिलं आहेत ना? मग त्यांच्यावरची तारीख वाच,” मामा म्हणतो. “गाडीचा विमा उतरवताना घसाऱ्याचं जे कोष्टक आम्ही वापरायचो, त्यात सहा महिन्यांच्या आत ५ टक्के जातात, वर्षाच्या आत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांत ५०. पाचच्या पुढे कोष्टकच हात टेकतं, आकडा कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायचा. अपघातात काही मोडलं तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे आधीच कापले जातात. आणि वरून लावलेली वस्तू पॉलिसीत लिहिलेलीच नसेल तर तिचं काहीच मिळत नाही. विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी तर किमतीच्या ४ टक्के वेगळा हप्ता भरायची सोय होती. किती जणांनी भरला असेल? ज्या वस्तूचा विमा उतरवावा असं मालकाला स्वतःला वाटलं नाही, तिचे पैसे तो आता तुझ्याकडे मागतोय.”

भाचीचं उत्तर चटकन येतं, आणि ते बिनतोड आहे. “विमा कंपनीला त्या बॉक्समध्ये कपडे भरायचे नाहीयेत, मामा. मला भरायचेत. कोष्टक मोडलेल्या वस्तूची भरपाई ठरवतं, चालत्या वस्तूचा उपयोग नाही. पाच वर्षांचा लोखंडी गार्ड पडल्यावर पाय वाचवणार असेल तर माझ्या पायाला त्याच्या घसाऱ्याशी काय देणंघेणं?” इथे मामाचं कोष्टक तोकडं पडतं हे कबूल केलं पाहिजे. घसारा हा बाजाराने वेळेला लावलेला भाव असतो. उपयोगाचा भाव निराळा. पण उपयोगाचा मुद्दा मान्य केला तरी भाचीच्या हिशेबात एक गफलत उरते. ती वस्तूंची बेरीज करते आहे, जणू त्या दुकानाच्या फळीवर सुट्या मांडल्या आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक वस्तू गाडीच्या कुठल्या तरी बोल्टवर, नळीवर, वायरवर बसलेली आहे आणि बसताना किंवा बसून राहताना तिने गाडीचं काहीतरी केलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की ॲक्सेसरीचा भाव तिच्या बिलावरून नको, ती उतरवल्यावर खाली काय उरतं त्यावरून ठरावा. बोल्ट सोडले आणि गाडी होती तशी झाली, तर त्या वस्तूचे थोडेफार पैसे द्यावेत. खाली भोक, कापलेली वायर किंवा तडा गेलेलं वेल्डिंग निघालं, तर त्या वस्तूचे पैसे गाडीच्या किमतीतून वजा करावेत, मग ती वस्तू कितीही महागाची असो.

मामाला हे पुरेसं कडक वाटत नाही. “एवढ्या खोलात कशाला जायचं? जिच्यावर काही लावलेलंच नाही अशी गाडी घे की. हे सगळं सामान म्हणजे लडाख. लडाख म्हणजे बारालाचाच्या नाल्यांमधलं पाणी, वाळू, दगड, आणि दिवसातून एकदा तरी आडवी झालेली गाडी. दहा दिवसांच्या सहलीसाठी लावलेलं सामान आणि त्या दहा दिवसांनी खाल्लेली गाडी, दोन्ही तो एकत्र विकतोय. टाकीशेजारच्या त्या रॅकवर जेरीकॅन लावलाय म्हणालीस ना? त्याच वाटेवरच्या तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटी होती, तिच्या धाकाने लोक ते कॅन बांधायचे. १५ लिटरची टाकी, लिटरला ३० धर, ४५० किलोमीटर होतात. कॅन उघडायची वेळ किती जणांवर आली असेल, सांग.”

हा आक्षेप वजनदार आहे, पण मामा ज्या निष्कर्षाला येतो तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते भाचीच दाखवते. “काही न लावलेली गाडी लडाखला गेलीच नाही, हे कशावरून? हुशार विकणारा सामान आधी उतरवतो आणि सुटं विकतो, कारण सुटं विकल्यावर जास्त पैसे येतात. मग गाडी ‘एकदम स्टॉक’ म्हणून तुझ्यासारख्याला विकतो. आणि जी खरंच कुठे गेली नाही, ती रोज कात्रज ते हिंजवडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडली असेल. थंड इंजिन, अर्धा दाबलेला क्लच, दर शंभर मीटरला ब्रेक. हायवेचे ४० हजार आणि शहरातले ४० हजार, इंजिनाला कोणते जड जातात?” मामाकडे याला उत्तर नाही, कारण उत्तर नाहीच. नुसती नग्न गाडी ही निष्पाप गाडी नसते. किंबहुना सामान अंगावर असलेली गाडी एका अर्थाने अधिक प्रामाणिक असते. तिचा इतिहास तिच्या अंगावर उघडा दिसतो, वाचता आला म्हणजे झालं. सामान साक्षीदार आहे, आणि ज्या गाडीचे साक्षीदार हलवले गेले तिथे तपासणी जास्त कसून करावी लागते. गार्डाच्या पट्ट्यांखाली रंगावर राहिलेली चकाकी, स्टे जिथे बसतो तिथल्या बोल्टांवर स्पॅनरने गोल झालेले कोपरे, एखादं निरुद्देश भोक, असे त्यांचे माग उतरवल्यावरही राहतातच.

साक्ष वाचायची कशी, हा या सगळ्यातला रसाचा भाग. गार्डापासून सुरुवात करावी. गार्डावर ओरखडे असणं वाईट नाही, पडल्यावर घासून घेणं हेच त्याचं काम. एका बाजूला, खालच्या वळणावर, आडवे ओरखडे असतील तर गाडी उभ्याउभ्या किंवा अगदी सावकाश कलंडलेली आहे. लांब, गाडीच्या दिशेने ओढलेले, धातूपर्यंत पोचलेले ओरखडे वेगात घसरल्याचे. मग त्याच बाजूचा फुटरेस्ट, ब्रेकची किंवा क्लचची लिव्हर, हँडलचं टोक आणि सायलेन्सर पाहावा. सगळ्यांची गोष्ट एकच निघाली पाहिजे. गार्ड घासलेला आणि लिव्हर कोरी म्हणजे लिव्हर बदललेली आहे, हेही समजण्यासारखं. खरा संशय यावा तो सहा वर्षांच्या गाडीवर नवाकोरा गार्ड दिसला तर. गार्ड फ्रेमच्या आणि इंजिनच्या माउंटिंगवर बसतो. पडताना जमिनीचा धक्का तो लांब दांडीसारखा त्या माउंटिंगपर्यंत पोचवतो. जुना गार्ड का काढला, याचं उत्तर त्या बोल्टांच्या आसपास शोधायचं, जाहिरातीत नाही. बॅश प्लेटचं तसंच. तिच्यावर दगडांचे पोचे असू देत, प्लेट खाली घेऊन इंजिनचा तळ आणि ऑइलच्या बोल्टचे आटे पाहू द्या, एवढंच विकणाऱ्याला म्हणावं. तो नको म्हणाला तर ती साक्ष झालीच.

हँडल रायझर ही दिसायला सगळ्यात निरुपद्रवी वस्तू. उभं राहून चालवणाऱ्याच्या पाठीला ती खरंच सुख देते. पण हँडल दोन इंच वर गेलं की क्लचची केबल, ब्रेकचा होज आणि हँडलकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा तेवढाच ताणला जातो. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवावं. इंजिनचा आवाज स्वतःहून चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे. आणि ते फिरवतानाच हाताला मधोमध एखादी खाच जाणवली तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेलेला आहे. तो रायझरचा दोष नव्हे, खराब रस्त्याचा आहे, पण सापडतो याच परीक्षेत.

दिव्यांच्या बाबतीत मामाचा संशय मला पूर्ण मान्य आहे. हिमालयनच्या हेडलाइटचा बल्ब ५५-६० वॅटचा. गार्डावरचे फॉग लाइट ४०-४० वॅटचे धरले तर दोघे मिळून ८० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जवळपास साडेसहा अँपिअर. हेडलाइटपेक्षा जास्त वीज मागणारी ही जोडी चांगल्या कामात बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये फ्यूज, मध्ये रिले अशी चालते. वाईट कामात मूळ हार्नेसची वायर मधेच सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळलेली असते. पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना याच टेपमध्ये पाणी शिरतं. भाची म्हणते, “मग मी वायरिंग नवं करून घेईन, दोन-तीन हजारांचं काम.” करता येईल. पण मूळ हार्नेस तीन ठिकाणी सोललेला असेल तर दुरुस्ती दिव्यांपाशी थांबत नाही, आणि ते दोन-तीन हजार तिच्या खिशातून का जावेत हा प्रश्न उरतोच. सीट काढून पाहायला दोन मिनिटं लागतात. सोबत साधा मल्टिमीटर असावा. गाडी बंद असताना बॅटरीवर साडेबाराच्या आसपास, चालू करून सगळे दिवे लावले तरी तेरा-साडेतेराच्या वर, असं असलं म्हणजे चार्जिंग शाबूत आहे. फॉग लाइट लावताच आकडा बाराकडे घसरायला लागला तर विकणारा ‘बॅटरी जरा जुनी आहे’ म्हणेल. असेलही. पण बॅटरी नवी घालून पाहिल्याशिवाय ते मान्य करायचं कारण नाही.

मागच्या सामानाबद्दल दोघांचं भांडण जरा गमतीदार होतं. मामा कागद ओढतो. “दोन चाकांमधलं अंतर १,४६५ मिलिमीटर. बॉक्स आणि आतलं सामान मिळून १५ किलो, आणि ते मागच्या आसाच्या ४०० मिलिमीटर मागे लटकतंय असं धर. पुढचं चाक ४ किलोंनी हलकं झालं, मागच्यावर १५ च्या जागी १९ आले.” भाची हसते. “मामा, पावणेदोनशे किलोंवरच्या गाडीत ४ किलो? माझी पाण्याची बाटली आणि हेल्मेट तेवढं भरेल.” आकडा तिच्या बाजूने आहे, नुसत्या चालवण्यात तेवढ्याने फार फरक पडत नाही. पण खड्ड्यात तेच १५ किलो काही पटींनी आदळतात, आणि आदळतात ते मागच्या सबफ्रेमच्या दोन-चार वेल्डवर, हजारो वेळा. म्हणून बॉक्स किती लिटरचा हे विचारण्याऐवजी बॉक्स उतरवून, स्टे उतरवून, त्या वेल्डवर टॉर्च मारून रंगाला गेलेली केसासारखी रेघ शोधावी. मागून चार पावलं दूर उभं राहून दोन्ही स्टे एका पातळीत आहेत का पाहावं. एक खाली असेल तर गाडी त्या बाजूला पडली तरी आहे किंवा त्या बाजूला कायम जास्त लादली तरी गेली आहे.

कायद्याचा मुद्दा मामा मुद्दाम शेवटी काढतो, कारण त्याला वाटतं की तिथे वाद संपेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या अशा बदलासाठी मालकाला, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. “प्रत्येक बदलामागे,” मामा बोटं मोजतो. “आणि मालक म्हणजे तू. गाडी नावावर झाली की आधीच्याने केलेलं सगळं तुझं. त्या सायलेन्सरसाठी तर वेगळं कलम लागेल. पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात पाहिलेत ना?”

“बॅग अडकवली म्हणजे बदल झाला का?” भाची विचारते. “मग खांद्याला सॅक लावणाऱ्याचंही चलान फाडा.” तिचं म्हणणं योग्य आहे, आणि ते माझ्याच कसोटीच्या जवळ येतं. अडकवलेली आणि काढता येणारी वस्तू वेगळी, गाडीचा स्वभाव बदलणारी वस्तू वेगळी. कॅन, बॅग, विंडशील्ड यांच्यासाठी आरटीओ कुणाच्या मागे लागल्याचं सहसा ऐकू येत नाही. सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे, रंग, चाकांचं माप हे मात्र गाडीचा स्वभाव बदलणारे. पण या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू लावलेली नसून काढलेली असते. ती म्हणजे सारीगार्ड. मागे कुणी बसणार असेल तर हाताला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि निदान अर्धं मागचं चाक झाकणारी जाळी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. सॅडल स्टे बसवताना अडथळा होतो म्हणून ती जाळी अनेकदा पहिल्याच दिवशी काढली जाते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात गंजते. टुरिंगवाल्यांच्या जगात तिला मान नाही. मामाच्या पिढीने मात्र ओढणी चाकात गेल्याच्या बातम्या वाचलेल्या आहेत.

म्हणून ॲक्सेसरीजची यादी मागताना खरी मागायची यादी उलटी असते. मूळ सायलेन्सर कुठे आहे, मूळ आरसे, मूळ इंडिकेटर, जाळी, हँडलचे मूळ क्लॅम्प आणि बोल्ट कुठे आहेत. जो मालक हे सगळं एका खोक्यात ठेवून देतो, त्याने बदल करताना परतीचा विचार केलेला असतो. त्याची गाडी, दहा गोष्टी चढवलेली असली, तरी मला काही न लावलेल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाची वाटेल. ज्याच्याकडे खोकं नाही त्याच्या सायलेन्सरचे पैसे देणं सोडाच, नव्या मूळ सायलेन्सरची किंमत त्याच्या भावातून कापावी लागेल. बाकी कागद नेहमीचेच आहेत. फॉर्म २९, फॉर्म ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायचा. तो करताना विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याकडे येत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तेवढी रक्कम हिशेबात आधीच धरावी.

या कसोटीने त्या २०१९ च्या गाडीचा हिशेब पुन्हा मांडला तर भाचीचे ४५ हजार बरेच आकसतात, पण मामा म्हणतो तसे शून्यावर येत नाहीत. बॉक्स, बॅगा आणि विंडशील्ड उतरवून शेजारी ठेवता येतात, त्यांचे काही पैसे आहेत. गार्ड आणि स्टे यांचे, खालचे वेल्ड शाबूत निघाले तर. रायझर आणि दिवे यांचे काहीच नाहीत, फार तर त्यांच्यामुळे भाव पडू नये एवढी अपेक्षा. सायलेन्सर वजाबाकीत. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. तिथे २३१९ दिसलं तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी दोन टायरांचा खर्च डोक्यावर आहे. विकणारा यावर म्हणेल की एवढं तपासायचं तर नवी घ्या. त्याला राग येणं स्वाभाविक आहे, त्याने ते सगळं हौसेने लावलं होतं. पण हौसेचा खर्च ज्याने हौस केली त्याचा. घेणाऱ्याने त्यात भर घालायची ती फक्त स्वतःच्या उपयोगाइतकी.

“म्हणजे एकूण १ लाख ४० च्या वर जायचं नाही?” भाची विचारते.

“आधी शनिवारी स्टे खोलून दाखवतो का बघ. आकडा नंतर,” मामा म्हणतो. “मी येतो, टॉर्च आणि मीटर माझ्याकडे आहे. आणि त्याला आजच फोन करून विचार, सारीगार्ड घरात आहे का.”

“आणि नसला तर?”

“तर नवा केवढ्याला येतो तेही त्यालाच विचार. तोच सांगू दे.”